वेगळं राहायला लागल्यावर मुलांचा ताबा: घर कोणी सोडलं, याला न्यायालयात किती वजन?

विचारलेला प्रश्न असा: लग्नाला अकरा वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी पुण्याचं सासर सोडून बाई साताऱ्याला माहेरी आल्या. साडेतीन वर्षांची मुलगी सोबत आणली, नऊ वर्षांचा मुलगा शाळेमुळे वडिलांकडे राहिला. घटस्फोटाचा अर्ज अजून कोणीच केलेला नाही. सासरचे म्हणतात, "घर तू सोडलंस, आता मुलगा विसर, आणि मुलगी पाच वर्षांची झाली की तीही आमचीच." हे खरं आहे का, आणि आता करायचं काय?

सासरच्यांची दोन्ही विधानं कायद्याला धरून नाहीत. घर सोडल्याने मुलांवरचा हक्क जात नाही. पण घर सोडल्यावर सहा-आठ महिने नुसतं 'बघू, मिटेल' म्हणत बसलात तर तो हक्क कागदावर राहतो आणि मूल दुसरीकडे रुजतं. ताब्याच्या प्रकरणात खरा घोळ इथे होतो, म्हणून उत्तराचा बराच भाग याच गोष्टीवर आहे.

आधी कायदा. आपल्याकडे नुसतं वेगळं राहण्याची कुठे नोंद होत नाही. न्यायिक फारकत (लग्न न मोडता वेगळं राहण्याचा न्यायालयाचा हुकूम) नावाचा उपाय हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १० मध्ये आहे, पण तो घेतला नाही म्हणून ताब्याचा प्रश्न थांबत नाही. घटस्फोटाचा अर्ज नसतानाही ताबा मागता येतो. मार्ग तीन. पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली स्वतंत्र अर्ज. हिंदू विवाह अधिनियमाखालचा कोणताही मूळ अर्ज (घटस्फोट, न्यायिक फारकत वगैरे) चालू असेल तर त्यात कलम २६ चा अर्ज. आणि घरात मारहाण, छळ, आर्थिक कोंडी झाली असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २१ खाली दंडाधिकाऱ्यांकडून तात्पुरता ताबा. या तिन्हींत दोष कोणाचा, लग्न कोणामुळे मोडलं, याचा निवाडा आधी व्हावा लागत नाही.

पालकत्व आणि ताबा हे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते एकत्र केले की गोंधळ होतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि 'त्यांच्या नंतर' आई असं लिहिलंय. यावरून वर्षानुवर्षं आईची सही नाकारली जायची. १९९९ साली गीता हरिहरन प्रकरणात (रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावर आईची पालक म्हणून सही चालेना, तिथून ते सुरू झालं) सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' याचा अर्थ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' इतकाच नाही, 'वडील प्रत्यक्ष सांभाळत नसतील तेव्हा' असाही घेतला. तरी रोजच्या आयुष्यात महत्त्वाचं असतं ते मूल कोणत्या छपराखाली झोपतं, म्हणजे ताबा. आणि त्यावर याच कायद्याच्या कलम १३ ची शेवटची मोहोर आहे: मुलाचं कल्याण सर्वांत आधी, आई-वडिलांचे हक्क त्यानंतर.

मुलीचं बघू. कलम ६ (अ) मध्ये स्पष्ट आहे की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. यात मुलगा-मुलगी भेद नाही. 'सर्वसाधारणपणे' हा शब्द वडिलांच्या वकिलांचा आवडता आहे, पण तो किती ताणायचा याला मर्यादा आहे. २०१५ च्या रॉक्सॅन शर्मा प्रकरणात, जे गोव्यातून म्हापशाच्या न्यायालयातून वर गेलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतक्या लहान मुलासाठी आईने आपली लायकी सिद्ध करायची नसते. आई अयोग्य आहे हे वडिलांनी दाखवायचं असतं. म्हणजे तुमच्या मुलीबाबत आज तुमची बाजू भक्कम आहे. ती पाच वर्षांची झाली की ताबा आपोआप फिरतो ही निव्वळ समजूत आहे. पाचव्या वाढदिवसानंतर एवढंच होतं की आईच्या बाजूचं ते विशेष वजन निघून जातं आणि दोघं एका रेषेवर येतात. तोवर मूल दीड-दोन वर्षं साताऱ्यात बालवाडीत जात असेल, तिथे तिचे मित्र, डॉक्टर, आजी-आजोबा असतील, तर तिला उचलून पुण्याला नेण्यात तिचं काय भलं, हे वडिलांना सांगावं लागतं.

हाच न्याय मुलाबाबत तुमच्या विरुद्ध काम करतो. आज तो पुण्यात आहे, शाळा तीच, मित्र तेच, रात्री वडिलांजवळ. न्यायाधीश मुलाची बसलेली घडी विनाकारण मोडत नाहीत. दोन महिन्यांनी अर्ज केलात तर 'आई नुकतीच बाहेर पडली, मुलगा शाळेमुळे मागे राहिला' हे पटतं. दोन वर्षांनी केलात तर पहिला प्रश्न येईल, "इतके दिवस कुठे होतात?" उशिरामुळे अर्ज बाद होत नाही, पण दोन वर्षांत मुलगा चौथीतून सहावीत गेलेला असतो आणि आईशिवायची दिनचर्या त्याला सवयीची झालेली असते.

म्हणून या आठवड्यात करायची एक गोष्ट: मुलाशी संपर्क तुटू देऊ नका, आणि संपर्काचा कागद तयार होऊ द्या. रोज ठरावीक वेळी फोन किंवा व्हिडिओ कॉल. नवऱ्याला साधा, सभ्य मेसेज: "शनिवारी ११ वाजता मी पुण्यात येत आहे, आदित्यला संध्याकाळी ६ पर्यंत माझ्याबरोबर राहू द्या" (नाव नमुन्यापुरतं). हो म्हणाले तर जा. नाही म्हणाले तर तो नकार पुढे अर्जाला जोडता येतो. उत्तर आलं नाही तरी तुमचा प्रयत्न तारखेसकट राहतो. शाळेला अर्ज देऊन आपला मोबाइल नंबर नोंदवा, प्रगतिपुस्तकाची प्रत मागा, पालकसभेला हजर राहा. आई म्हणून ते मागायला न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही.

मुलाला शाळेच्या दारातून परस्पर घेऊन येण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. देऊ द्या, तुम्ही ते करू नका. न्यायालयाचा आदेश नसताना आईने किंवा वडिलांनी स्वतःचं मूल नेणं हे सहसा अपहरण ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये वडिलांवरचा असा गुन्हा रद्दही केला आहे, आणि पोलीस बहुतेक वेळा 'कोर्टात जा' म्हणूनच परत पाठवतात. पण ताब्याच्या अर्जात हीच घटना पहिल्या पानावर येते. भर वर्गासमोर ओढाताण पाहिलेलं मूल समुपदेशकासमोर तेच सांगतं. नवऱ्याने मुलीला तसं उचलून नेलं तर मात्र दिवस घालवू नका. पाच वर्षांखालच्या मुलासाठी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (मुलाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी) याचिका चालू शकते. तेजस्विनी गौड प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने तिची मर्यादा सांगितली आहे: मूल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे कायद्याने ते ठेवायचा आधार नसेल तरच ही याचिका, एरवी पालक व पाल्य अधिनियमाचा रस्ता. वडिलांकडे असलेल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी ही याचिका करून वेळ आणि फी दोन्ही वाया जाण्याची शक्यता जास्त.

अर्ज कुठे करायचा, यात चुका फार होतात. पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे मूल जिथे 'सामान्यतः राहतं' तिथल्या न्यायालयात. मुलगा पुण्यात, म्हणजे त्याचा अर्ज पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात. मुलगी दोन महिन्यांपासून साताऱ्यात. तिचं सामान्य वास्तव्य कुठलं यावर वाद घालता येतो आणि घातला जाईल. हा वाद टाळायचा तर दुसरा रस्ता आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १९ मध्ये २००३ साली दुरुस्ती झाली. पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या राहते तिथे तिला मूळ अर्ज करता येतो. म्हणजे साताऱ्यात न्यायिक फारकतीचा किंवा घटस्फोटाचा अर्ज, आणि त्यात कलम २६ खाली दोन्ही मुलांसाठी ताबा, भेट आणि खर्च. एक जोखीम लक्षात ठेवा. कलम २६ चे आदेश मूळ अर्जाच्या आधाराने उभे असतात. मूळ अर्ज मागे घेतला किंवा फेटाळला गेला तर त्यांचा पाया डळमळतो. लग्न मोडायचंय की नाही हेच अजून ठरलेलं नसेल, तर केवळ ताब्याच्या सोयीसाठी घटस्फोटाचा अर्ज ठोकू नका. अशा वेळी १८९० चा कायदा बरा. हिंसाचाराची बाब खरी असेल तर २००५ च्या कायद्याखालचा अर्ज तुम्ही आज तात्पुरत्या राहता त्या ठिकाणीही करता येतो.

तुमच्याकडे बहुधा नोटीस येईल: 'सात दिवसांत नांदायला यावे.' तिला उत्तर न देणं ही जुनी चूक आहे. उत्तर एका पानाचं असावं. घर का सोडलं हे दोन-तीन वाक्यांत, तारखांसह. मुलगी सोबत का आणली. मुलगा शाळेमुळे तात्पुरता तिथे राहिला आहे, त्याचा ताबा मी सोडलेला नाही. आणि भेटीच्या मागितलेल्या तारखा. यातलं 'तात्पुरता' हे पुढे फार उपयोगी पडतं. शिव्याशाप, हुंड्याची यादी, सासूचे टोमणे त्या कागदात नकोत.

त्याच ओघात: पोलीस ठाण्यात किंवा नातेवाइकांच्या बैठकीत 'मुलगा वडिलांकडे, मुलगी आईकडे, पुढे तक्रार नाही' असं स्टँप पेपरवर लिहून घेतात, नोटरी करतात. न्यायालय त्या कागदाला बांधील नसतं, कारण मुलाचं कल्याण आई-वडिलांच्या कराराने संपत नाही. मात्र तुमची सही असलेला कागद समोर आला की तो खोडून काढायला तुमचे सहा महिने जातात. रागात किंवा दबावाखाली सही केली असेल तर लगेच लेखी कळवा की ती मान्य नाही. तसंच 'मुलांसाठी पोटगी मागणार नाही' ही अट. मुलाच्या पोटगीचा हक्क मुलाचा आहे, आईने तो सोडून दिला म्हणून तो संपत नाही.

आता न्यायाधीश नेमकं काय पाहतात. १८९० च्या कलम १७ मध्ये यादी आहे: मुलाचं वय, लिंग, धर्म, पालकाचं चारित्र्य व क्षमता, मुलाशी आजवरचं नातं, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंती. प्रत्यक्षात सुनावणीत उत्तरं शोधली जातात ती साध्या प्रश्नांची. सकाळी कोण उठवतं? डबा कोण करतं? ताप आला की रजा कोण टाकतं? अभ्यास कोण घेतं? हे सांगणारे कागद घरातच असतात. लसीकरणाचं कार्ड, बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, शाळेच्या डायरीतल्या सह्या, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातले मेसेज, रिक्षावाल्या काकांना किंवा स्कूलबसला ऑनलाइन पाठवलेले पैसे, फी भरल्याच्या पावत्या. यांचा एक कालक्रमाने लावलेला गठ्ठा चाळीस पानी आरोपपत्रापेक्षा जास्त काम करतो. सोबत एक पान जोडावं: मूल माझ्याकडे राहिलं तर त्याचा आठवडा कसा असेल. उदाहरणार्थ, ६.३० ला उठणं, ७.२० ला बस, दुपारी १ ते ५ आजी घरी, ५.४५ ला मी कामावरून परत, रविवारी काय, सुटीत काय, शाळा कोणती आणि त्या शाळेत प्रवेश मिळेल असं पत्र. मुलाचा ताबा मागणाऱ्या किती तरी अर्जांत 'मी त्याचे उत्तम संगोपन करीन' यापुढे एक ओळ नसते. न्यायाधीशांना त्यातून काहीच दिसत नाही.

पगार कमी आहे म्हणून ताबा नाकारला जाईल ही भीती बाळगू नका. खर्चाची जबाबदारी वडिलांवर टाकता येते, ते ताब्यापेक्षा वेगळं खातं आहे. उलट 'माझा फ्लॅट तीन बेडरूमचा' हा वडिलांचा युक्तिवादही एकटा फार लांब जात नाही. चारित्र्याचे आरोप तर दोन्हीकडून होतातच. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलंय की विवाहबाह्य संबंध हे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं, ताबा नाकारण्याचं नाही. वजन येतं ते मुलावर थेट परिणाम करणाऱ्या गोष्टींना: दारू, मारहाण, मुलाला कुलूप लावून एकटं ठेवणं, उपचार न घेतलेला गंभीर मानसिक आजार, सारखी बदलणारी घरं. आणि तुमच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, सख्ख्या भावंडांची ताटातूट. न्यायालयांना ती आवडत नाही. दोघं एकत्र राहावीत हा तुमचा सर्वांत ताकदीचा मुद्दा होऊ शकतो, मात्र तो वडीलही उलटा वापरू शकतात: "दोघांनाही पुण्यात आणा." त्याला उत्तर तुमच्या आठवड्याच्या पानात असायला हवं.

प्रक्रिया साधारण अशी चालते. अर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र, पहिल्याच दिवशी अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) ताबा किंवा किमान अंतरिम भेटीचा वेगळा अर्ज. मूळ अर्ज निकाली निघायला वर्षं लागू शकतात, त्यामुळे प्रत्यक्षात लढाई अंतरिम अर्जावरच होते. समोरच्याला समन्स बजावलं की त्याचं म्हणणं येतं. कलम २६ मध्ये समन्स बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाल देण्याची अपेक्षा आहे, पण ती मुलांच्या खर्चाच्या व शिक्षणाच्या अर्जाबद्दल आहे. ताब्याला तशी मुदत लिहिलेली नाही. समोरचा वारंवार तारीख मागत असेल तर प्रत्येक तारखेला तोंडी का होईना 'तोवर भेट द्या' ही मागणी करा आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) ती आली का, पाहा. पोटगीसाठी दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर ते बंधनकारक आहे. तिथे आकडे दडवले की पुढे सगळ्याच विधानांवरचा विश्वास उडतो.

कौटुंबिक न्यायालयात प्रकरण आधी समुपदेशकाकडे जातं. तिथे सलोख्यासाठी होणारं बोलणं वेगळं, आणि न्यायालयाने मुलाबद्दल मागवलेला अहवाल वेगळा. दुसऱ्या प्रकारात समुपदेशक घरी येऊ शकतात, मुलाशी एकट्याने बोलतात. नऊ वर्षांच्या मुलाशी न्यायाधीश बहुधा स्वतःच्या दालनात बोलतील, वकील आणि आई-वडील बाहेर. किती वयाचं मत धरायचं हे कायद्यात लिहिलेलं नाही. मूल कुणाकडे राहायचं सांगतं यापेक्षा ते का सांगतं, हे ऐकलं जातं. "पप्पा रोज क्रिकेटला नेतात" हे कारण मुलाचं असतं. "आईने केस केली, तिला फक्त पैसे पाहिजेत" हे वाक्य मोठ्यांचं आहे, आणि अनुभवी कानाला ते लगेच कळतं. विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग (२०१७) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाचं मन एका पालकाविरुद्ध कलुषित करण्याचा प्रकार ओळखून आईला ताबा दिला होता. तेव्हा मुलाला पढवणं हा दुधारी सुरा आहे. मुलाकडून बोलवून घेऊन केलेलं मोबाइल रेकॉर्डिंगही तसंच. ते बहुधा करणाऱ्यावरच उलटतं.

भेटीचा आदेश कसा लिहिला आहे, यावर पुढची पाच वर्षं शांततेत जाणार की दर शनिवारी भांडणात, हे ठरतं. 'दोघांच्या सोयीने योग्य भेट द्यावी' असा आदेश म्हणजे भांडणाची बी. अटी अशा हव्यात:

"दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी दुपारी १ वाजता (शाळा असल्यास शाळा सुटल्यावर) प्रतिवादी मुलास अर्जदाराकडे अमुक ठिकाणी सोपवेल. रविवारी सायंकाळी ६ वाजता अर्जदार त्याच ठिकाणी परत सोपवेल. ३० मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असल्यास मेसेजने कळवावे. मूल आजारी असल्यास त्याच दिवशीची डॉक्टरांची चिठ्ठी पाठवावी व बुडालेली भेट पुढील शनिवारी द्यावी. दिवाळी व उन्हाळी सुट्टीचा पहिला अर्धा भाग सम वर्षी अर्जदाराकडे, विषम वर्षी प्रतिवादीकडे. मंगळवार व शुक्रवारी रात्री ८ ते ८.२० व्हिडिओ कॉल."

यात गणपतीचं वेगळं लिहा. मराठी घरांत दिवाळीइतकीच भांडणं गणपतीत होतात, कारण गावाला जायचं असतं आणि शाळेला सुट्टी मोजकीच. पहिला दिवस एकाकडे आणि विसर्जन दुसऱ्याकडे असं वाटून घेणाऱ्या अटी कागदावर छान दिसतात. कोकणात जाणाऱ्यांना त्या पाळता येत नाहीत. एक वर्षाआड पूर्ण सण हेच टिकतं. वाढदिवस, मुंज, घरातलं लग्न, आजीचं आजारपण यांसाठी एक ओळ. शाळा बदलणं, शस्त्रक्रिया आणि पासपोर्ट यांसाठी दोघांची लेखी संमती, अशी आणखी एक. सातारा-पुणे शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे. नेआण कोण करणार आणि भाडं कोणाचं, हेही ठरवा, नाहीतर पहिल्या दोन भेटींनंतर सगळं तिथेच अडतं. सुरुवातीला ओळख तुटलेली असेल किंवा धोका वाटत असेल तर न्यायालयाच्या बालकक्षात किंवा कुणाच्या देखरेखीखाली दोन तास, मग बाहेर दिवसभर, मग मुक्काम, अशी पायरी ठेवता येते.

वरचं सगळं तुम्ही मुलीबाबतही पाळायचं आहे. वडिलांना मुलीची भेट नाकारून मुलाची भेट मागणं न्यायालयात टिकत नाही. पोटगी येत नाही म्हणून भेट बंद, आणि भेट नाही म्हणून पोटगी बंद, या दोन्ही चुका सारख्याच. दोन्हींची वसुली वेगवेगळ्या दारांनी होते. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्या पालकाला पुरेशी भेट आणि संपर्क मिळालाच पाहिजे, आणि तो मुलाचा हक्क म्हणून.

आदेश मोडला तर? १८९० च्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये मूल हजर न करणाऱ्याला १०० रुपये दंड, पुढे रोज १० रुपये, एकूण ५०० पर्यंत, अशी तरतूद आजही आहे. रक्कम वाचून हसू येतं, पण त्याच कलमात दिवाणी कैदही आहे, ते विसरू नये. व्यवहारात दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करतात, पोलीस मदतीचा आदेश मागतात, किंवा अवमान याचिका. त्याहून परिणामकारक ठरतं ते ताबा बदलून मागणं: सतत भेट अडवणारा पालक मुलाचं हित बघत नाही, हे बुडालेल्या तारखांच्या यादीने दाखवायचं. ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली, बदली झाली, पुनर्विवाह झाला, मूल मोठं झालं, की फेरबदलाचा अर्ज करता येतो. पुनर्विवाह झाला म्हणून ताबा जातो, हीसुद्धा समजूतच. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निकालावर उच्च न्यायालयात अपील करता येतं; कौटुंबिक न्यायालय कायद्यात त्याची मुदत ३० दिवस आहे.

हे सगळं हिंदू कायद्याच्या चौकटीतलं आहे. विशेष विवाह अधिनियमाखाली लग्न झालं असेल तर त्याचं कलम ३८ हे हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ सारखंच आहे. मुस्लिम कायद्यात हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईचा हिजानतीचा (मूल स्वतःजवळ ठेवून सांभाळण्याचा) हक्क; तरी कल्याणाची कसोटी तिथेही सुटत नाही. गोव्यात लग्नाचा कायदा पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेवरचा, त्यामुळे मूळ अर्जाची वाट निराळी, तिथल्या वकिलाला विचारूनच पाऊल टाका. आणि लग्न न करता एकत्र राहणारे वेगळे झाले तर १९५६ च्या कायद्याच्या कलम ६ (ब) प्रमाणे आई आधी नैसर्गिक पालक. वडिलांना भेट व ताबा मागता येतो, मुलाची पोटगी मात्र त्यांनी द्यायचीच असते.

ज्यांची मुलं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढली आहेत त्यांनी सुट्टीत भारतात येऊन परत न जाण्याचा निर्णय वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नये. मुलं पळवण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, आणि नित्या आनंद राघवन निकालानंतर (२०१७) परदेशी न्यायालयाचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही, कल्याणाचा विचार करताना तो एक घटक असतो. पण तिकडचा आदेश आणि वॉरंट तिकडे जिवंत राहतं. इथे राहूनही एक काळजी: मुलांच्या पासपोर्टसाठी दोन्ही पालकांच्या सह्यांचं परिशिष्ट 'ड' लागतं, आणि एकाची संमती नसेल तर परिशिष्ट 'क' भरून अर्ज करता येतो. मूल बाहेर नेलं जाईल अशी शंका असेल तर अंतरिम अर्जातच पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याची आणि परवानगीशिवाय परदेशी न नेण्याची मागणी टाका.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर सातारा किंवा पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना लग्नाचा दाखला किंवा पत्रिका व फोटो, दोन्ही मुलांचे जन्मदाखले, तिघांची आधार कार्डं, मुलाच्या शाळेचं ओळखपत्र, आलेली नोटीस पाकिटासकट (पाकिटावरची पोस्टाची तारीख लागते) आणि मागच्या दोन महिन्यांचे भेटीचे मेसेज छापून न्या. मुलाची चाचणी परीक्षा कधी आहे हेही विचारून ठेवा; पहिली अंतरिम भेट मागताना तो आठवडा सोडून मागा.